गांगुर्डे यांचा नो क्लेम बोनस

माझ्या गाडीच्या विम्याची मुदत संपली ती निष्काळजीपणामुळे नव्हे, अतिकाळजीमुळे. हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं, कारण आमच्या सोसायटीत याबाबत सध्या वेगळीच माहिती फिरते आहे.

एरवी हे काम पाच मिनिटांचं. अश्विन नावाचा आमचा एजंट फोन करायचा, "काका, मागच्यासारखंच ना?" मी म्हणायचो, "मागच्यासारखंच." नऊ वर्षं असं सुरळीत चाललं. यंदा एका सकाळी मला अचानक लाज वाटली. मी चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, त्यातली शेवटची अकरा हेड क्लार्क म्हणून. माझ्या टेबलावरून एकही कागद न वाचता पुढे गेला नाही. 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे' हा शेरा मी इतक्या वेळा लिहिला आहे की झोपेतही माझा हात तसा हलतो, असं माझी बायको यशोदा सांगते. आणि हाच मी, भिकन गांगुर्डे, चोवीस पानांची पॉलिसी नऊ वर्षं न वाचता कपाटात टाकत आलो होतो!

मग मी विमा समजून घ्यायचं ठरवलं. मुदत संपायला पंचवीस दिवस होते. मी फुलस्केप कागद चिकटवून एक तक्ता तयार केला. आडव्या रांगेत सहा कंपन्या, उभ्या रांगेत सतरा मुद्दे. थर्ड पार्टी म्हणजे आपण दुसऱ्याला ठोकलं तर त्याची भरपाई, ती सक्तीची. आपल्या गाडीचं नुकसान वेगळं, ते ऐच्छिक. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा तिचा पार चेंदामेंदा झाला तर कंपनी तिची जी किंमत धरते ती. ही किंमत दरवर्षी कमी होते. झिरो डेप म्हणजे सुटे भाग किती जुने झाले हे न मोजता मिळणारी पूर्ण भरपाई. पण गाडीच म्हातारी झाली असेल तर बहुतेक कंपन्या झिरो डेप देत नाहीत. ज्याला गरज त्यालाच नाही, ही पद्धत मला खात्यापासून ओळखीची होती, त्यामुळे मी रागावलो नाही.

शेजाऱ्यांना तक्त्याची बातमी लागायला दोन दिवस लागले. तळमजल्यावरच्या ज्योत्स्नाताई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्या म्हणाल्या, "गांगुर्डे, नुसती थर्ड पार्टी घ्या. बाकीचे पैसे द्यायची वेळ आली की ह्या कंपन्या तुमच्याच सहीत चूक काढतात." पुण्याहून आमच्या रोहितचा फोन आला, "बाबा, तक्ता कशाला? मोबाईलवर तीन मिनिटांत होतं." मी त्याला विचारलं, इंजिन प्रोटेक्ट घ्यावं का? तो म्हणाला, ते काय असतं? तीन मिनिटांत काय होतं ते मला तेव्हाच कळलं. गाडी पुराच्या पाण्यात सापडली आणि इंजिनात पाणी गेलं तर हे इंजिन प्रोटेक्ट कामाला येतं. आम्ही राहतो उपनगरात, गोदावरीपासून चांगले लांब आणि उंचावर. तरी मी त्यावर चार दिवस विचार केला.

वरच्या मजल्यावरचे हिरामण भोये यांनी मात्र काही सल्ला दिला नाही. ते पेठ तालुक्यातले, एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. संध्याकाळी बाकावर बसून त्यांनी माझा तक्ता उलटसुलट बघितला आणि परत दिला.

"मला नाय कळत साहेब ह्या कागदातलं," ते म्हणाले. "आमच्याकडं एसटीत दरसाल डोळं तपासायचं. तेवढं झालं की गाडी हातात."

मी हसलो. एसटीतल्या माणसाला आयडीव्हीचं काय कळणार, असं माझ्या मनात आलं. आज ते हसणं आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

तक्त्यात एक मुद्दा मी लाल शाईने लिहिला होता. नो क्लेम बोनस. ज्या वर्षी क्लेम करत नाही त्या वर्षानंतर आपल्या गाडीच्या विम्याच्या हप्त्यात सूट मिळते. ती वाढत वाढत पन्नास टक्क्यांवर थांबते. त्याच्यावर टक्केवारीच नाही. माझा बोनस पन्नास होता. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा बोनस गाडीला नसतो, मालकाला असतो. गाडी विकली तरी तो आपल्याजवळ राहतो. माझ्या सेवापुस्तकात एकही प्रतिकूल शेरा नाही, तसंच हे. अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्तीच्या महिन्यात मी गाडी शिकलो. आमच्या घराण्यात चार चाकांवर हात ठेवणारा मी पहिला. दरवर्षी वैशाख पौर्णिमेला इगतपुरीजवळच्या आमच्या गावी मी गाडी घेऊन जातो, विहारासमोर लावतो आणि उगाचच एकदा कुलूप तपासून बघतो. ज्या रस्त्याने माझा बाप डोक्यावर भाताचे भारे घेऊन गेला, त्या रस्त्याने. त्याहून जास्त काही सांगत नाही.

तर तक्ता पूर्ण झाला. खाली सही, दिनांक टाकला. दिनांक टाकताना लक्षात आलं की मुदत संपून अकरा दिवस झाले आहेत.

मी लगेच अश्विनला फोन लावला. तो म्हणाला, "काका, मी तीन मेसेज टाकले होते."

"मी अभ्यास करत होतो."

"बोनस जाणार नाही, नव्वद दिवस असतात. पण पॉलिसी तुटली ना, आता कंपनीचं माणूस येऊन गाडी बघणार. आधीचं डॅमेज नाही ना, ते. तोपर्यंत गाडी हलवू नका."

गाडी हलवली नाही. पण रोज सकाळी खाली जाऊन स्टिअरिंगमागे बसायचो आणि पेपर वाचायचो. ज्योत्स्नाताई खिडकीतून विचारायच्या, "निघालात का?" मी म्हणायचो, "हो, जरा थांबून."

चौथ्या दिवशी कंपनीचं माणूस आलं. तेजस्विनी नाव, वय पंचविशीचं, पाठीला सॅक. मी आदल्या दिवशी गाडी धुऊन, पुसून, डॅशबोर्डवरची बुद्धाची छोटी मूर्तीसुद्धा चकचकीत करून ठेवली होती. इन्स्पेक्शन कसं असतं ते मला माहीत आहे. साहेब येणार म्हटलं की आम्ही कपाटांच्या मागूनही झाडायचो. तिने समोरून, मागून, उजवीकडून फोटो काढले. "छान ठेवलीय काका," म्हणाली. मग डावीकडे गेली आणि तिथेच थांबली.

तिने बोटाच्या पेराने पुढचं दार वाजवलं. मग मागचं. मग चाकावरचा पत्रा.

"काका, ह्याला पुट्टी आहे. इथेही. आणि पांढरा रंग चार प्रकारचा आहे."

आता हा खुलासा करणं भाग आहे. नो क्लेम बोनस पन्नास टक्के राखायचा तर क्लेम करायचा नसतो. म्हणून काही लहानसहान झालं की मी गाडी थेट द्वारका चौकाच्या मागे नवनाथच्या गॅरेजात नेतो, पदरचे पैसे देऊन डेंटिंग-पेंटिंग करून घेतो आणि विषय संपवतो. नवनाथचं काम चांगलं आहे, फक्त त्याला पांढरा रंग एकदाही तोच सापडला नाही. यात गैर काय? सगळे शहाणे लोक असंच करतात.

"हे दार कशाने?" तिने विचारलं.

"आमच्या गेटचा खांब. चुकीच्या जागी बांधलाय. मी सोसायटीला लेखी अर्ज दिलाय."

"आणि हे?"

"द्वारकेला पेरूची हातगाडी. मध्येच घुसली."

"चाकावरचं?"

"रिक्षा. त्यांना काय, कुठूनही येतात."

"आरसा पण नवीन दिसतोय."

"कुणीतरी पार्किंगमध्ये..." मी म्हणालो, आणि ते वाक्य पूर्ण केलं नाही.

ती मोबाईलवर भरत होती. मान वर न करता, अगदी सहज म्हणाली, "सगळं डावीकडंच लागलंय काका. उजवीकडं एक ओरखडा नाही." मग लगेच, "लायसन्स दाखवता?"

मी पाकीट काढलं. तिने फोटो घेतला. "हे पुढच्या महिन्यात संपतंय. रिन्यू करून घ्या, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल." आणि चहा न घेता गेली.

विम्यापासून निघालेली फाईल आता लायसन्सच्या टेबलावर आली होती. मला त्याची काळजी नव्हती. आमचे फॅमिली डॉक्टर असल्या फॉर्मवर सही करताना वरही बघत नाहीत. पाच वर्षांपूर्वी त्यांनी एका हातात रिसीव्हर धरून मला तंदुरुस्त ठरवलं होतं. यशोदा म्हणाली, "मी पण येते." त्यातही नवीन काही नव्हतं. गेली दोनेक वर्षं ही बाई माझ्यासोबत सगळीकडे येत होती. बँकेत, पेट्रोल भरायला, अगदी केस कापायलासुद्धा. सलूनमध्ये बाकावर बसून जुनी मासिकं चाळायची. रोहित दूर गेला म्हणून तिला घर खायला उठत असेल, असं मी समजत होतो, आणि मित्रांमध्ये थोडी थट्टाही करत होतो.

गाडी बंद असल्यामुळे आम्ही रिक्षाने गेलो. डॉक्टरांनी फॉर्म ओढला, पेन उघडलं, पेनचं टोक कागदाला टेकलं. तेवढ्यात यशोदा म्हणाली, "डॉक्टर, ह्यांचे डोळे नीट तपासा."

डॉक्टरांनी वर बघितलं. माझ्या माहितीप्रमाणे सहा वर्षांत पहिल्यांदा.

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला चारचौघांत एकदाही खाली पाहायला लावलं नव्हतं. मला तिचा इतका संताप आला की मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत बसलो. डॉक्टरांनी माझा उजवा डोळा झाकून बोटं दाखवली आणि पेनचं टोपण लावलं.

पुढचा मुक्काम डोळ्यांच्या दवाखान्यात. तिथे एक यंत्र असतं. एका डोळ्यावर पट्टी बांधतात, पांढऱ्या वाडग्यासारख्या पोकळीत तोंड घालायला लावतात. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. उजवा डोळा झकास गेला. डाव्याच्या वेळी बराच वेळ दिवाच लागेना. मला वाटलं, यंत्र बिघडलं. मग वाटलं, आपण मागे पडतोय. खात्याच्या परीक्षेत मी कधी कोरा पेपर दिलेला नाही. मी अंदाजाने, ठरावीक अंतराने बटण दाबायला सुरुवात केली.

डॉक्टर साक्षी म्हणून तिथल्या तरुण बाई होत्या. त्यांनी कागद बघितला. "बाबा, दिवा नसताना पण तुम्ही बटण दाबलंय. मशीन म्हणतंय, उत्तरं भरवशाची नाहीत. परत करूया?"

परत केली. या वेळी मी खरं वागलो. दिसलं तेव्हाच दाबलं. हाताला फारसं काम पडलं नाही.

काचबिंदू. डावा डोळा बराचसा गेलेला. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने हळूहळू जातो, आणि जे दिसत नाही ते दिसत नाही हे माणसाला कळतच नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. गेलेलं परत येणार नाही; उरलेलं रोजच्या थेंबांनी सांभाळायचं. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी तो वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मी वाचायचो तसा. आणि सही न करता परत दिला.

"गाडी नका चालवू बाबा," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर मी कपाटातून नवनाथची बिलं काढली. माझ्याकडे सगळं तारीखवार लावलेलं असतं. गेटचा खांब: जूनचा दुसरा आठवडा. तेव्हा यशोदा देवळाली कॅम्पला बहिणीकडे होती, चंद्रभागाच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. पेरूची हातगाडी: डिसेंबर. दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन. रिक्षा: यशोदाला ताप होता, मी एकटाच औषध आणायला गेलो होतो. आरसा: त्याच आठवड्यात. मी बिलं दोनदा उलटसुलट लावून बघितली. चारही वेळा ती गाडीत नव्हती.

ती स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. मी दारात उभा राहिलो.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली असतील." तिने वर बघितलं नाही. "मुंबई नाक्यावर एक बाई होती. कडेवर लेकरू. मी ओरडले तेव्हा तुम्ही ब्रेक मारलात. मला म्हणालात, ओरडतेस कशाला, दिसतंय मला."

मी ती बाई आठवायचा प्रयत्न केला. ओरडणं आठवलं, ब्रेक आठवला, माझा राग आठवला. बाई आठवेना. मी तिला बघितलंच नव्हतं.

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? गावात गाडीतून उतरता तेव्हा तुमचं तोंड कसं होतं, ते मी बघत आलेय नऊ वर्षं." तिने मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या. "म्हटलं, आपण शेजारी बसू. चालेल तितके दिवस चालेल."

डावीकडे सायकल आहे हं. डावीकडे म्हातारा आहे हं. डावीकडून बस येतेय हं. दोन वर्षं मी हे ऐकत होतो आणि गाडी कोण चालवतंय, मी का तू, असं तिला विचारत होतो. मला फार वाईट वाटलं. डोळ्यापेक्षाही त्याचं जास्त.

दुसऱ्या दिवशी, गाडीचं इन्स्पेक्शन पास झालं म्हणून, अश्विन लॅपटॉप घेऊन आला. मी तक्ता समोर ठेवला. आता घ्यायचाच तर सगळ्यात भक्कम विमा घ्यायचा, असं मी ठरवलं होतं. गाडीचं नुकसान, पुराचं पाणी, रस्त्यात बंद पडली तर मदत, सगळं. अश्विन खूश होऊन भरत गेला. एका ठिकाणी तो थांबला.

"काका, हे मालक-चालकाचं अपघात कव्हर... ह्याला मालकाचं चालू लायसन्स लागतं. पुढच्या महिन्यानंतर तुमचं..." त्याने यशोदाकडे बघितलं. "हे काढतो. ह्याच्याऐवजी पगारी ड्रायव्हरचं टाकतो. पन्नास रुपयांत होतं."

माझ्या सतरा मुद्द्यांमध्ये हा मुद्दा नव्हता. मालक आणि चालक हे दोन वेगळे रकाने असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"टाक," मी म्हणालो.

संध्याकाळी पॉलिसी आली. चोवीस पानं. मी पहिल्यांदाच सगळी वाचली. मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा: लागू नाही. नो क्लेम बोनस: पन्नास टक्के. अश्विनने फोन करून मुद्दाम सांगितलं, "काका, बोनस वाचला बरं का! एक टक्का कमी नाही."

वैशाख पौर्णिमा चार दिवसांवर होती. मी यशोदाला म्हणालो, यंदा नको जाऊया. तिने वर जाऊन भोयेंना काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण पौर्णिमेला सकाळी सात वाजता भोये इस्त्रीचा शर्ट घालून खाली उभे होते. निघण्याआधी त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चारही टायर पायाने दाबून बघितले.

"पगाराचं काय भोये?" मी उसनं हसू आणून विचारलं. "पॉलिसीत लिहिलंय तसं."

"गावाला जेवाय घाला," ते म्हणाले. "लय झालं."

मी सवयीने उजवीकडच्या दाराशी गेलो. तिथे भोये उभे होते. मग मी गाडीच्या पुढून वळसा घालून डावीकडे आलो, चार प्रकारच्या पांढऱ्या रंगाचं ते दार उघडलं आणि बसलो. नऊ वर्षांत मी त्या सीटवर कधी बसलो नव्हतो. तिथल्या चटईवर, पाय टेकतात त्या जागी, रबर झिजून पार गुळगुळीत झालं होतं. यशोदाचा उजवा पाय तिथे असायचा. तिला गाडी येत नाही, आणि तिथे ब्रेकही नाही.

ती मागे बसली. भोयेंनी गेटचा खांब असा काही चुकवला की त्याची जागा चुकीची आहे असं मला पहिल्यांदाच वाटलं नाही. द्वारकेला नेहमीसारखाच गोंधळ होता. हॉर्न, टेम्पो, मधूनच रस्ता ओलांडणारी माणसं. मी मागे काहीतरी ऐकायची वाट बघत होतो. मागून काहीच आलं नाही. मुंबई नाका गेला. मी वळून बघितलं.

यशोदा झोपली होती. खिडकीला डोकं टेकवून, तोंड जरासं उघडं ठेवून, अगदी गाढ. तिला गाडीत झोपलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. गाडीत हिला झोप येत नाही, असंच मी सगळ्यांना सांगत असे.

मी पुढे वळलो. मग मान पूर्ण डावीकडे फिरवली, इतकी की मानेची शीर ताणली, आणि उजव्या डोळ्याने रस्त्याची ती बाजू बघत राहिलो. पाथर्डी फाट्याला दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला कडेकडेने चालला होता.

"डावीकडे सायकल आहे हं," मी हळूच म्हणालो, ती जागी होऊ नये म्हणून.

"दिसली, साहेब," भोये म्हणाले.